आतोबांच्या छातीतली खरखर

शांततेसाठी आमच्या आतोबांइतकी भांडणं अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केली नसतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. ही शांतता कानांची असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण स्वतः आतोबा घोरायला लागले की शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या आळीत जायचं. त्यांना हवी असायची ती आपल्याला ऐकूच न येणारी शांतता. घाटावरच्या एका रेडिओ दुर्बिणींच्या वेधशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. माळावर उभ्या असलेल्या तिथल्या प्रचंड तबकड्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी पकडतात, आणि त्या लहरी इतक्या क्षीण की आसपास कुठे एखादी वायर ठिणग्या टाकत असली तरी तिच्या खरखरीत अख्खा तारा बुडून जातो. ही खरखर हुडकून बंद करणं हे आतोबांचं काम. जीपवर एरियल लावून ते गावोगाव हिंडत; कुणाचं वेल्डिंग थांबव, कुणाचा पंप दुरुस्त करून घे, असं चालायचं. एकदा म्हणे ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी मांडवातला जनरेटर बंद करायला लावला आणि नवरदेवाने अंधारात भलत्याच बाईला हार घातला. ‘म्हणे’ एवढ्यासाठी, की ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि दर खेपेला हार वेगळ्या बाईच्या गळ्यात पडे.

निवृत्त होऊन ते मिरकरवाड्याजवळच्या आपल्या घरी आले. बंदरात ट्रॉलरची इंजिनं, बर्फाचे कारखाने, बोटीबोटींवर वायरलेस. म्हणजे बेडकाने साप पाळावेत तसाच प्रकार. तबकड्या शेकडो मैल लांब राहिल्या होत्या, पण सवय काही जाईना. पाहुणा दारात आला की त्याचा मोबाइल काढून घेऊन पोह्यांच्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवायचा. पेट्रोलच्या गाड्यांवर त्यांचा विशेष राग, कारण त्यांच्या प्लगमध्ये ठिणगी उडते. मला बघायला मंडळी आली तेव्हा सगळ्यांनी मुलाचा पगार विचारला; आतोबांनी एकच विचारलं, “गाडी डिझेल की पेट्रोल?” मुलगा सायकलवाला निघाला, आणि आतोबांनी तिथल्या तिथे माझं लग्न ठरवून टाकलं. बर्फाच्या कारखान्यातली मोटर ठिणग्या टाकते म्हणून ते मालकाशी भांडायला गेले, तेव्हा मालक हात जोडून म्हणाला, “काका, बर्फ नसला तर म्हावरां कुजंल. तुमचे तारे काय कुजत नाय.” 

आत्या मात्र त्या वेधशाळेचं नाव काढलं की उठून आत जायची. लग्न झाल्यापासून नवरा घाटावर आणि ही इथे सासूपाशी. ते गणपतीला यायचे आणि विसर्जनाचे पाट धुऊन होत नाहीत तोच पळायचे. निवृत्तीनंतरही ते वर्षातून एकदा तबकड्यांना भेटायला जात. ती कधीच गेली नाही. “मला त्या तबकड्यांचां तोंड बघायचां नाय,” म्हणायची.

मग एक दिवस मासळीच्या लिलावात आतोबा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, नाडी फार मंद आहे, छातीत पेसमेकर बसवावा लागेल. नाहीतर एखाद्या दिवशी ठोका थांबेल. आतोबांनी विचारलं, “ह्यां यंत्र लहरी सोडतां काय?” बिचारे डॉक्टर मोठ्या कौतुकाने म्हणाले, “सोडतं तर! तुमचं हृदय घरबसल्या आम्हाला इथे दिसेल.” झालं. आतोबा चप्पल घालून घरी आले. मी ओरडले, रडले. शेवटी त्यांच्या वेधशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावून दिला. तो हसून म्हणाला, “बसवून घ्या हो, आणि खुशाल इकडेही या. तुमच्या एकट्यामुळे काय होतंय!” आतोबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “जन्मभर मी दारोदार ह्यांच ऐकलां. माझ्या एकट्याच्या वेल्डिंगान काय होतां, माझ्या एकट्याच्या पंपान काय होतां. त्यांना बंद करायला लावलां, आणि आता मीच खरखर घेऊन तबकड्यांकडं जाऊ?”

म्हणजे यंत्र घ्यायचं तर तबकड्या कायमच्या सुटणार, आणि तबकड्या हव्यात तर आतोबा जाणार. त्या संध्याकाळी आत्या त्यांच्यासमोर येऊन बसली. “आख्खा जन्म त्यांना दिलात. कधी काय बोलली मी? आता उरलाहा तो मला द्या,” एवढंच म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.  सकाळी आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात जायला रिक्षात बसले. रिक्षा कशावर चालते तेही त्यांनी विचारलं नाही.

यंत्र बसलं, तब्येत सुधारली. पण घाटावर जायचे दिवस आले तसे आतोबा अंगणात नुसते येरझाऱ्या घालत. एक दिवस आत्याच मला म्हणाली, “गाडी काढ गो. मला बघायच्यात त्या.” आतोबा वाट दाखवायला म्हणून आले. वेधशाळेच्या अलीकडे, मोबाइल बंद ठेवा असा फलक दिसल्याबरोबर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि तिथल्या टपरीच्या बाकावर जाऊन बसले. “तुम्ही जा. मी हिकडंच बसतो.” तिथून उसाच्या शेंड्यांवर एका तबकडीची नुसती कड दिसत होती.

आत गेल्यावर आत्या एका तबकडीखाली मान वर करून उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरला तरी तिला भान नव्हतं. मला वाटलं, आता ही काहीतरी लागट बोलणार. ती खालच्या सिमेंटच्या भिंतीवर तळवा टेकून बराच वेळ पुटपुटत राहिली. मी लांब झाले.

परत आलो तेव्हा आतोबा उठून रस्त्यापर्यंत आले होते.

“फिरत होत्या?”

“फिरत होत्या.”

“कुरकुर नाय ना काय?”

“नाय. अगदी गुमान.” आत्याने पदर सारखा केला. मग म्हणाली, “तुम्हाला विचारीत होत्या.”

तीन-तीनदा तपासल्याशिवाय कुठल्याही लहरीवर विश्वास न ठेवणारा हा माणूस. या वेळी एकदाही तपासायला गेला नाही.

“मग? काय सांगितलंस?”

“सांगितलां, बरे हायत. आता माझ्याजवळ असतात.”

आतोबांनी डोळे पुसले, आणि परत बाकावर बसून, थोडं सरकून तिला जागा करून दिली.