खिडकीवरची गोधडी

चहा गरम आहे तोवर सांगून टाकते. नाहीतर आमचे हे सांगतील आणि वर मीठ-मसाला लावतील. आपली फजिती आपल्याच तोंडून बाहेर पडलेली बरी, नाही का?

तर, मी नर्स. तालुक्याच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात बावीस वर्षं झाली. त्या पंधरवड्यात माझी रात्रपाळी लागली होती. सकाळी सानगडीला घरी यायचं आणि झोपायचं. पण झोपणार कशी? आमच्या खोलीची खिडकी पूर्वेला, सूर्य थेट उशीवरच येऊन बसतो! गडद पडद्यांची चौकशी केली, तर दुकानदारानं सांगितलेला भाव ऐकूनच डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हटलं, राहू दे बाबा, अंधार घरीच करू.

धानाची दोन रिकामी पोती खिडकीला ठोकली, त्यावर जुनी गोधडी. फटी राहिल्या तिथे लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. सगळा खर्च चार खिळ्यांचा! अंधार असा झाला, की स्वतःचा हात दिसेना. पण अंधार आला तसे डासही आले. मग हे रोज सकाळी कडुनिंबाचा पाला आणि चिमूटभर ओवा निखाऱ्यावर टाकून खोलीत धूर करू लागले.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर एव्हाना हसला असाल. खिडकीला गोधडी, फटीत चिंध्या, ओव्याचा धूर. आमच्याकडे हा सगळा थाट एकाच बाईसाठी करतात, बाळंतिणीसाठी! दवाखान्यातून घरी सोडताना 'खिडक्या उघड्या ठेवा' म्हणून मीच सगळ्यांना दम भरते. पण स्वतःच्या खिडकीकडे पाहून माझी ट्यूब काही पेटली नाही.

वय माझं सत्तेचाळीस. पोट जरा सुटलेलं, तेही लोकांना बरोबर पुराव्याला सापडलं. शेजारच्या लीलाबाईंनी ह्यांना विचारलं, बाई चार दिवस दिसल्या नाहीत? आमचे हे मोजकंच बोलणारे. म्हणाले, "झोपून आहे जी. उजेड नाही चालत तिले." एवढं सांगून अंगणात भांडी घासायला बसले. झालं! नवरा भांडी घासतो म्हटल्यावर लीलाबाईंना आणखी काय विचारायचं उरलं होतं?

इथे एक सांगायचं राहिलं. माझ्या लेकीची, प्राचीची सोयरीक एकोडीच्या एका घरी जुळत आली होती. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत, फक्त मुलाच्या आईचा होकार यायचा होता. माझा सगळा जीव त्या होकारात अडकलेला. आणि नेमक्या त्याच बाई बाजाराला सानगडीत आल्या आणि लीलाबाईंना भेटल्या. होणाऱ्या सुनेच्या आईला या वयात लेकरू झालं, हे ऐकून त्या लीलाबाईंना घेऊन तडक आमच्या घरी!

हे शेतावर, प्राची दळण आणायला गेलेली. दार नुसतं लोटलेलं. मी गाढ झोपेत. लीलाबाईंनी खांदा हलवून विचारलं, "काय झालं जी, बाई?"

अहो, बावीस वर्षं मी हाच प्रश्न ऐकते आहे! डोळे न उघडता, हसून, ठणठणीत आवाजात सांगितलं, "मुलगी झाली! पावणेतीन किलो. दोघीही छान आहेत, काळजी करू नका."

मग काय, दोघी अंधारात बाळ शोधायला लागल्या. उशी चाचपली, पांघरूण चाचपलं, एकीचा हात माझ्या नाकावर पडला. मोबाईलचा उजेड झाला आणि मी डोळे उघडले. समोर एकोडीच्या बाई, हातात बाजारातून आणलेलं इवलंसं टोपरं.

बाळ कुठं आहे, त्यांनी विचारलं. मी पोती, गोधडी, डास, रात्रपाळी, सगळं एका दमात ओकून टाकलं. लीलाबाई हळूच स्वयंपाकघरात सटकल्या. त्या बाई मात्र हातातलं टोपरं उलटंसुलटं करत उभ्या. मनात म्हटलं, गेली पोरीची सोयरीक, आणि तीही माझ्या काटकसरीपायी.

मग त्या माझ्याजवळ खाटेवर बसल्या.

"मले आधी तीन पोरी झाल्या, मंग हा पोरगा," त्या म्हणाल्या. "तिन्ही बाऱ्या नर्सबाईनं तोंड पाडून सांगतलं, पोरगी झाली म्हणून. तुमी त झोपेतबी हासून सांगून राहिल्या. मले पोरगी याच घरची पाहिजे."

मला रडूच कोसळलं. तेवढ्यात प्राची आली, हे आले, आम्ही सगळे ओसरीवर येऊन बसलो, लीलाबाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला, नारळ-सुपारी मागवली गेली. आईनं वर्षानुवर्षं वाट पाहावी असा तो क्षण. मी विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हटलं, डोळे पुसेपर्यंत जरा टेकू.

त्यापुढचं सगळं मला प्राचीनं सांगितलं. सुपारी फुटली, तारीख ठरली, पेढे वाटून झाले. आणि मुलीची आई कुठं होती? विहीणबाईंच्या खांद्यावर, भर उजेडात, घोरत पडली होती!