हेल्पला वीस शब्द

आमच्या टेंभुर्णीच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलत नाही. जाफराबादच्या शाळेत जाणारी चार पोरं आणि त्यांच्या आम्ही चार आया रोज अर्धा तास तिथं उभ्या असतो. एवढ्या वेळात दुसऱ्या बायांनी बचत गट काढला असता. आमच्याकडं नुसते किस्से साचले.

त्यातले बरेचसे एका इंग्रजी शब्दाभोवतीचे आहेत, आणि ते माझ्या लक्षात राहिले ते झोपेमुळं. म्हणजे न आलेल्या झोपेमुळं. माझी ईश्वरी पहिलीत. घरात तिचं तोंड मिटत नाही आणि शाळेत उघडत नाही. जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मॅडमचं म्हणणं, वर्षाअखेरच्या तोंडी परीक्षेत बोलली तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिलीतच बसवा. आता इंग्लिश मीडियमचा हट्ट माझा, बीएस्सीची डिग्री माझी. पोरगी नापास झाली तर नेमकं कोण नापास होणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या मी आपलं काय काय चुकलं त्याची यादी करायचे. यादी पाठ झाली, झोप काही आली नाही.

*

दिवाळीनंतर मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. ईश्वरीला समोर बसवलं आणि फार मायेनं नाव विचारलं. दोन सेकंद गेले.

"ईश्वरी," मी म्हणाले.

वय विचारलं. "सिक्स. रनिंग सेव्हन," मी म्हणाले.

मग आवडता प्राणी. ईश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. मी "काऊ" म्हणाले आणि कोणी विचारलेलं नसताना स्पेलिंगही सांगितलं.

मॅडमनी शांतपणे वही मिटली. "आई पास आहेत," त्या म्हणाल्या. "मुलीची नंतर घेऊ."

*

जानेवारीत होमवर्क आलं. शब्द एकच, हेल्प. त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द शोधा आणि घरातलं एक उदाहरण तयार करा. तोंडी परीक्षा ह्यावरच होणार.

मी कामाला लागले. फोनवर शोधून वहीत उतरवले. असिस्ट, एड, सपोर्ट, बॅक अप, लेंड अ हँड. एकूण वीस भरले. सकाळी स्टँडवर मी ते सगळे वाचून दाखवले. जरा तोऱ्यातच वाचले असतील.

सुरेखाताई आमच्यात सगळ्यात मोठ्या. सातवी शिकलेल्या, आठ एकर एकट्या पाहतात. त्यांनी वीसच्या वीस शब्द ऐकून घेतले.

"वीस?" त्या म्हणाल्या. "मंग त्या इंग्रजांच्यात एखादी बाई हिरीत पडली, तर कोणता शब्द वरडायचा हे ठरेस्तोवर बुडतच असंल."

मी वही पिशवीत ठेवली.

*

सुरेखाताईंचा स्वतःचा शब्द सावड. आज चौघींनी मिळून तुमचा कापूस वेचायचा, उद्या चौघींनी माझा. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, फिरून फक्त हात द्यायचे. आमच्याकडं अर्धी शेती अशीच निघते. पण होमवर्कचीही सावड होते, हे त्यांच्याच डोक्यातून निघालं.

"चार घरी चार बाया चार-चार कामं करून राहिल्या," त्यांनी हिशोब मांडला. "त्यापेक्षा एकीनं एकच काम धरावं."

ठरलं. कावेरीचा हात रांगोळीचा, तिनं चारही पोरांची चित्रं काढायची. मनीषानं चारही पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायची. इंग्रजी मी लिहायची. सुरेखाताई मुकादम.

पंधरा दिवस अगदी बराबर चाललं. मग "माय फॅमिली"चं चित्र आलं. कावेरीनं मन लावून चार चित्रं काढली. चारही घरांत एकच आजी, तीच नथ, आणि दारात तीच तांबडी गाय. स्वतः कावेरीकडं तर गायही नाही, मोटारसायकल आहे.

मॅडमनी चौघींना बोलावून चारही वह्या टेबलावर मांडल्या. मी खाली मान घातली. कावेरी रडायच्या बेतात. सुरेखाताई मात्र चित्रांकडं कौतुकानं पाहत होत्या.

"सावड केली मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागं बी लई वह्या दिसतेत. तपासायला येऊ का चौघी?"

मॅडम रागवायच्याच होत्या. पण त्यांनी एकदा मागच्या गठ्ठ्याकडं पाहिलं, एकदा सुरेखाताईंकडं पाहिलं आणि चहा मागवला.

*

घरातलं उदाहरण काही सापडेना. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना इंग्लिश शाळा पटलेली नाही, आणि मला त्यांनी आजवर चांगलं म्हणल्याचं आठवत नाही. तरी मी विचारलं, आपल्या घरात कोण कोणाला मदत करतं?

आत्या गोठ्याकडं निघाल्या होत्या. दारातच थांबल्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "सून सहाला उठून पोरीला इंग्लिश शिकविती. सासू तवर शेण काढती, पाणी भरती, भाकरी टाकती. सून काही म्हणत न्हाई, सासू बी काही म्हणत न्हाई. ह्याला काय म्हणतेत तुझ्या इंग्लिशमधी?"

माझ्याकडं वीस शब्द होते. मी पेन खाली ठेवलं आणि शेणाचं टोपलं उचललं.

आत्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "जाय," म्हणाल्या. "पोरीचं राहील."

*

मनीषा कमी बोलते. तिच्या सासरी मेंढरं आहेत. दिवसभर रानात बोलायला कोणी नसतं, त्याची सवय, असं ती सांगते. फेब्रुवारीत लेखी पेपरच्या दिवशी पोरांसोबत जायची पाळी तिची आणि माझी होती. अर्ध्या वाटेत जीप बंद पडली. मी ताबडतोब घाबरले. शाळेला फोन, ह्यांना फोन, पुन्हा शाळेला फोन. ती तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला एक टेम्पो थांबवला.

ड्रायव्हर म्हणाला, बाई, बसायला इंचभर जागा न्हाई.

मनीषानं टेम्पोभोवती फिरून पाहिलं. "दोन पोती उतरवा," ती म्हणाली. "म्या सांभाळते. तुम्ही पोरं सोडून या."

पोती उतरली, पोरं चढली, त्यांच्यासोबत मी चढले. मनीषा रस्त्याच्या कडेला अनोळखी माणसाच्या दोन पोत्यांवर बसून राहिली. पोरं वेळेवर पोचली. टेम्पोवाला मला घेऊन परत आला तेव्हा तास उलटून गेला होता. मनीषा तशीच बसलेली. एक पोतं कोपऱ्यात उसवलेलं होतं, ते तिनं दाभणानं शिवून टाकलं होतं. दाभण तिच्या पिशवीत असतंच.

ड्रायव्हर त्या शिलाईवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, हे कशाला केलं?"

"रिकामं बसवत न्हाई," मनीषा म्हणाली.

त्या रात्री मी वहीतले वीसही शब्द पुन्हा वाचले. एकही त्या पोत्याच्या मापाचा नव्हता.

*

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पोरं पुढं, आम्ही चौघी मागच्या बाकावर. बाक पहिलीचा, गुडघे हनुवटीला लागलेले. ईश्वरीकडून मी घरी सगळं पाठ करून घेतलं होतं. तीन शब्द आणि आत्यांचं उदाहरण. घरी ती घडाघड म्हणायची.

सुरेखाताईंचा विराज पहिला उठला. "हेल्प मीन्स सावड," त्यानं ठणकावलं. हा शब्द इंग्रजी नाही, असं मॅडम सांगणार होत्या, पण त्यांनी मागं सुरेखाताईंचा चेहरा पाहिला आणि मार्क देऊन टाकले.

मग मनीषाचा मुलगा. त्यानं आईसारखं एकच वाक्य म्हणलं आणि बसला. कावेरीच्या मुलीनं तर ॲक्शनसकट सांगितलं.

"ईश्वरी," मॅडम म्हणाल्या. "हेल्प. टेल मी."

ईश्वरी उभी राहिली. तिनं फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. मी मनात तीनपर्यंत मोजलं, मग दहापर्यंत. मॅडमनी पुन्हा विचारलं. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण आवाज नाही. सुरेखाताईंनी माझा हात दाबून धरला. मला वाटलं धीर द्यायला. नंतर कळलं, मी बाकावरून अर्धी उठले होते. माझे ओठ आपोआप हलत होते. अ, असिस्ट. अ, असिस्ट. सगळा वर्ग आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं पाहायला लागला.

ईश्वरीनं मागं वळून पाहिलं. आणि जूनपासून पहिल्यांदा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ती त्या वर्गात बोलली.

"मम्मी, तू बाहेर थांब. मंग सांगते."