पोलादपूर ते महाड, लेकीला छातीशी धरून

बायको बाळंतपणाला माहेरी, उमरठच्या वरच्या वाडीत गेली होती. आठवा महिना लागला आणि एका सकाळी तिचं पाणीच गेलं. मी महाडच्या कारखान्यातून पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो, तोवर मुलगी झालीसुद्धा होती. इवलीशी, पातळ कातडीची. बायकोचा रक्तस्राव थांबेना, म्हणून तिला हलवता येत नव्हतं. आणि लेकीला तर लगेच महाडला, नवजात बाळांच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

"ॲम्ब्युलन्सच्या गाडीत बाळाला ऊब देणारी काचेची पेटी नाही," सिस्टर म्हणाल्या. "बाळ गार पडता कामा नये. अंगाला अंग लावून न्यायचं. कोण घेतंय?"

सासूबाई पुढे झाल्या, पण त्यांना खोकला होता. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "शर्ट काढा."

"बाप्यामाणसानं?" सासूबाई म्हणाल्या. "असं कुठं असतं काय गो बाय?"

"ऊब कुणाचीही चालते, मावशी."

टोपी घातलेली लेक त्यांनी माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली, वरून सुती साडी घट्ट गुंडाळली. माझा पाय निघेना. खाटेवरून बायको कशीबशी म्हणाली, "जावा तुम्ही. आई हाय माझ्याजवळ."

सिस्टर गाडीत माझ्या शेजारीच बसल्या. हायवेला लागल्यावर प्रत्येक खड्ड्याला मी तिचं डोकं तळव्याने सावरत होतो. तिचा श्वास माझ्या कातडीला जाणवत होता, पाखरासारखा भरभर. मग एकाएकी जाणवेनासा झाला.

"सिस्टर, श्वास जाणवत नाय!"

त्यांनी साडीत हात घालून तिचा पाय बाहेर ओढला, तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. "पाठ चोळा, जोरात!" मी चोळत राहिलो. "ओठ निळे पडतायत," सिस्टर वाकून बघत म्हणाल्या. त्यांनी तोंडावर धरून श्वास द्यायचा फुगा-मास्क हातात घेतला, तेवढ्यात लेकीने अंग आखडलं आणि बारीक, चिडकी किंकाळी फोडली. मला वाटलं, माझाच श्वास परत आला.

महाडला तिला आत नेलं. उघड्या अंगावर साडी घेऊन मी दाराशी उभा असताना सासूबाईंच्या मोबाईलवरून फोन आला. बायकोच बोलत होती. रक्त थांबलं होतं.

"बरी हाय ना? कुणासारखी दिसतेय वो?"

साऱ्या वाटेत मला तिची टोपीच तेवढी दिसली होती.

"बघून सांगतो," म्हटलं, आणि दाराच्या काचेला नाक लावलं.