धरणाच्या वाटेवरचे खांब

आमच्या गल्लीत त्यांना सगळे ‘हॉर्न’ म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर ड्रायव्हरकाका. सारी नोकरी त्यांनी बस चालवण्यात घालवली, आणि गाडीचा भोंगा बिघडला तरी काही अडायचं नाही, इतका त्यांचा आवाज दणदणीत होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे धरणाची गाडी होती. जंगलाच्या फाटकापाशी उतारू सोडायचे, घाईघाईत चहा घशाखाली ओतायचा, गाडी वळवायची आणि परत फिरायचं. फाटकापासून धरणापर्यंत झाडीतून पायवाट होती, पण ती चालून यायला कधी सवडच मिळाली नाही. परतीचे उतारू म्हणायचे, “काय पाणी आहे हो!” काका खेकसायचे, “आत सरका, दार लागू द्या.”

निवृत्तीनंतर निवांत जाऊ, असं त्यांनी काकूंना सांगून ठेवलं होतं. पण आधी शुगर आली, मग पायाची जखम चिघळली, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. काका व्हीलचेअरवर आले. राग मात्र होता तिथेच. “तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात,” ते स्वतःच म्हणायचे, “माझा एकच तळपाय उरलाय, तरी मस्तक तेवढंच तापतं.”

अशात एक दिवस मुलीने बातमी आणली. जंगलातली वाट आता फरसबंद झाली होती. चढ नाही, पायऱ्या नाहीत. फाटकावर मोठा फलक लागला होता : सोपी वाट, लहानांसाठी, थोरांसाठी, व्हीलचेअरसाठी. काकांनी त्याच रविवारी इस्त्रीचा शर्ट काढायला लावला.

मुलीने गाडीतून फाटकापर्यंत नेलं. फलक होता. फलकाच्या पुढेच लोखंडी खांब रोवले होते, माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढ्या अंतरावर. मुलीने खुर्ची सरळ घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली. चाकं खांबांवर खणखण आपटली.

“मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून लावलेत,” पहारेकरी म्हणाला. पोरगेला, बिचारा. “आम्ही दोघं-तिघं मिळून तुम्हाला उचलून पलीकडे ठेवू का काका?”

“मी काय सिमेंटचं पोतं आहे?” काका असे कडाडले की झाडावरची पाखरं उडाली. “फलक लावायला लाज वाटली नाही? व्हीलचेअरचं चित्र काढलंय, ते काय खांबावरून उडी मारतं?”

“अहो, हळू,” काकू पुटपुटल्या. “लोक बघतायत.”

“बघू देत!”

घरी आल्यावर काका जेवले नाहीत. मुलीने धरणाच्या कार्यालयात तक्रार पाठवली. उत्तर आलं : आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. ते वाचून दाखवल्यावर काकांनी खुर्चीचा ब्रेक दोनदा ओढून तपासला.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा फाटकावर न्यायला लावलं. या वेळी त्यांनी खुर्ची खांबांच्या तोंडाशी आडवी लावली आणि ब्रेक ओढला. आता कोणालाच आत जाता येईना.

धावायचे बूट घातलेले एक गृहस्थ आले. “काका, जरा बाजूला.”

“नाही.”

“अहो, पण आम्हाला जायचंय.”

“मलाही जायचंय.”

“यात आमचा काय दोष?”

“मग माझा आहे?”

गर्दी जमली. कोणी समजावलं, कोणी आवाज चढवला, एका बाईने तर म्हातारा वेडा आहे असं तोंडावर म्हटलं. काकू शरमेने गाडीत काच वर करून बसल्या होत्या. काका जागचे हलले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. लोकांनी कार्यालयात फोनवर फोन केले, तेव्हा कुठे तिथले साहेब स्वतः उगवले.

“आजोबा, हे खांब दुचाक्यांसाठी आहेत,” त्यांनी शांतपणे समजावलं.

“मोजा,” काका म्हणाले. “माझी चारचाकी आहे.”

गर्दीतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. आठवडा सरायच्या आत मधला खांब मुळासकट उपटला गेला.

मग काका आत गेले. मुलीला त्यांनी खुर्चीला हात लावू दिला नाही. चाकं स्वतः फिरवली. वाट खरोखरच गुळगुळीत होती. पानांतून झिरपलेलं ऊन फरशीवर सांडलं होतं, ओल्या मातीचा वास येत होता. काका घामाघूम झाले होते, पण चेहरा असा, जणू रिकाम्या रस्त्यावर गाडी सुसाट सुटलीय.

वाट धरणाच्या भिंतीवर पोचली. भिंतीला काँक्रीटचा भरीव कठडा होता. उभ्या माणसाच्या छातीएवढा.

काका कठड्यापाशी थांबले. समोर राखाडी काँक्रीट, वर आभाळ. पाण्याचा फक्त आवाज येत होता. त्यांनी दोन्ही हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. परत बसले. मुलगी घाईने सांगू लागली, “बाबा, पाणी ना, हिरवंगार आहे, आणि तिकडे लांब...”

“सांगू नकोस.” आवाज एवढासा होता. ड्रायव्हरकाकांचा नव्हताच तो.

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कठड्याकडे. जन्मभर ‘हळू, हळू’ म्हणत आलेली ती बाई मुलीकडे वळली. “त्या साहेबाचा नंबर लाव.”

“आई, आज रविवार आहे.”

“लाव म्हणते ना!”

फोन लागला. काकू जे काही बोलल्या ते भिंतीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. फिरायला आलेली माणसं थबकली. “माझ्या नवऱ्याला इथवर आणून भिंत दाखवलीत तुम्ही! खाली बसून बघा एकदा, काय दिसतंय ते सांगा मला! नाही, उद्या नाही, आत्ता या!” साहेबांनी फोन ठेवला. काकूंनी पुन्हा लावला.

काका तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत राहिले.

कठडा अजून तसाच आहे. तो बदलायचा प्रस्ताव मंजुरीला गेलाय म्हणतात. सोमवारी कार्यालय उघडलं की काकू तिथे हजर असतात. साहेबांना त्यांच्या खुर्चीतून उठवून त्या बुटक्या स्टुलावर बसायला सांगतात, आणि खिडकीतून काय दिसतं ते विचारतात. काका बाहेरच्या व्हरांड्यात थांबलेले असतात. आतून आवाज फारच चढला की शिपायाला म्हणतात, “तिला थांबवू नका. मी प्रयत्न करून पाहिलाय.”