बंदुकीच्या कपाटातली ओल

काल लातूरला आमचे शेजारी कळीचा चुना भिजवत होते. तो गरम, नाकात शिरणारा वास आला आणि मला उमरीतली आमची खोली आठवली.

आबा फौजेतून निवृत्त होऊन तिथल्या एका बँकेत गार्ड झाले होते. स्वतःची परवान्याची बंदूक होती, म्हणूनच ती नोकरी मिळाली होती. एका पावसाळ्यात त्यांनी लोखंडी कपाटातून बंदूक काढली, तर नळीवर तांबूस ठिपके! पुढच्याच आठवड्यात बँकेत बंदुकीची तपासणी होती. आबा ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "रोज तेल लावून राहिलो, तरी गंज कसा?"

बंदुकीला कधी हात न लावणारी माय उठली. तिने कपाटामागे हात घातला. "अवो, भिंत लई ओली हाय. अन् हे चामड्याचं कव्हरबी दमट झालंय."

दोघांनी कपाट भिंतीपासून ओढलं. आबांनी गंज घासून काढला. कव्हर बाहेरच राहिलं. मायने मातीच्या बोळक्यात कळीच्या चुन्याचे खडे भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि बोळकं खालच्या कप्प्यात ठेवलं. काही दिवसांत ओल पिऊन खड्यांचा भुगा झाला. नळी मात्र कोरडी, लखलखीत. मायने लगेच नवे खडे भरले.

तेव्हा मला तो तिचा नेहमीचा खटाटोप वाटला. आज कळतं, तिने आमची भाकरी वाचवली होती.

तपासणीच्या संध्याकाळी आबा घरी आले ते हसतच.

"साहेबानं इचारलं, तेल कोणतं लावता? म्या म्हणलं, तेल नेहमीचंच हाय साहेब. कपाट आमची मंडळी सांभाळती."