यादवराव मास्तरांच्या चुन्याच्या भिंती

यादवराव मास्तरांशी माझी पहिली भेट झाली, ती मी त्यांच्या भिंतीतून आरपार चालत गेलो तेव्हा.

अमरावतीत त्यांचं घर होतं आणि घरापुढे काळ्या मातीचं ऐसपैस अंगण. मॅट्रिक झालेलो, ड्रॉइंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट खिशात, अंगात आईनं धुवून दिलेला सदरा, अशा थाटात मी फाटक उघडलं आणि सरळ ओसरीकडे निघालो. अर्ध्या अंगणात पोचतो तोच आवाज आला, “अबे अबे अबे! भिंतीतून आला? डोक्शाले लागलं नाई?”

मी दचकून भिंत शोधायला लागलो. भिंत कुठेच नव्हती. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं ओढलेल्या पांढऱ्या रेघा तेवढ्या होत्या. ओसरीवर काळी टोपी, कोपरावर विरलेला काळा कोट आणि गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं धोतर अशा वेषात एक गृहस्थ उभे होते. त्यांनी बोटानं दाखवलं, “मांगं जा. दार तिकडं आहे.”

रेघांमध्ये एका ठिकाणी हातभर जागा मोकळी सोडली होती. मी मुकाट्यानं मागे फिरलो, वळसा घालून त्या मोकळ्या जागेतून आत आलो. तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. जणू मी आत्ताच आलो होतो. “या, बसा,” ते म्हणाले. “काय काम काढलं?”

नकाशे काढायला शिकायचं आहे, असं मी सांगितलं.

यादवराव मास्तर एके काळी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढत. वरच्या साहेबाशी खटका उडाला आणि त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून अमरावती-अकोल्याच्या व्यापाऱ्यांसाठी ते नकाशे काढायचे. कापसाच्या दलालांच्या पेढ्या, धामणगावचे धान्याचे कोठे, बडनेऱ्याच्या स्टेशनासमोरचं लॉजिंग, असली कामं त्यांच्याकडे येत. राहत्या घराचं काम मात्र ते घेत नसत. कोणी फारच गळ घातली तर म्हणत, “घर चुकलं त घरचे सांभाळून घेतात बाप्पा. दुकान चुकलं त गिऱ्हाईक निंघून जाते. मले गिऱ्हाइकाचं भेव वाटते, म्हून मी दुकानंच काढतो.”

काढायची त्यांची रीत अशी, की कागदावरचा नकाशा पुरा झाला की भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा चुन्याच्या फक्कीनं भरायचा आणि तीच इमारत पूर्ण मापानं अंगणात आखायची. मग मास्तर त्या इमारतीत राहायला जात. स्वतः गिऱ्हाईक होत, दारातून येत, न दिसणाऱ्या गादीवर बसत, न दिसणारे तागे उलगडून बघत. मधेच थांबून म्हणत, “इथी उजेड येत नाई. लुगड्याचा रंग कसा दिसंल?” आणि कागदावरची खिडकी सरकत असे. पण काहीही होवो, चुन्याची रेघ ते कधी ओलांडत नसत. शेजारच्यांची गाय रेघेवरून गेली की तेवढी तिला माफी होती. “ढोर आहे. त्याले नकाशा समजत नाई,” असं ते माझ्याकडे बघून म्हणत.

हाल व्हायचे ते काकूंचे, म्हणजे मास्तरांच्या बायकोचे. विहीर अंगणाच्या एका टोकाला, स्वयंपाकघर दुसऱ्या. मधे कधी सराफाचं दुकान तर कधी सरकीचा कोठा. भरली घागर कमरेवर घेऊन काकूंना पुढच्या दारानं शिरून मागच्या दारानं निघावं लागे. “माह्या आंगनात रोज नवं दुकान,” त्या घागर उतरवताना म्हणत, “अन् इकायले काई नाई!” तरी सबंध संसारात त्यांनी एकदाही भिंत ओलांडली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

मास्तरांकडे मी शिकलो ते सगळं आनंदाचंच शिकणं होतं. पेन्सिलीला धार करण्यापासून सुरुवात. मग टी-स्क्वेअर, मग शाईची कांडी बशीत उगाळणं, मग ट्रेसिंगच्या कापडावर शाईची रेघ. निळ्या प्रती काढायच्या त्या उन्हात. काचेच्या चौकटीत ट्रेसिंगखाली मसाला लावलेला कागद ठेवायचा, चौकट अंगणात धरायची, आणि मास्तर तोंडानं काहीतरी पुटपुटत ऊन मोजायचे. “वऱ्हाडात देवानं एकच गोष्ट फुकट देल्ली, ऊन,” ते म्हणायचे, “थे बी लोक शिव्या देऊन वापरतात.” मग कागद पाण्याच्या टोपात बुडवला की गर्द निळ्यावर पांढऱ्या रेघा उमलून येत. ते मी कितीही वेळा पाहिलं तरी माझं मन भरत नसे. ओले नकाशे काकूंच्या लुगड्यांशेजारी दोरीवर वाळत पडायचे. एकदा काकूंच्या नव्या पांढऱ्या पातळावर एक आख्खा जिना उतरला, तेव्हा मास्तर दोन्ही जेवणं ओसरीवर एकटे जेवले.

माझी रेघ देखणी होती. हे मी म्हणत नाही, मास्तरच म्हणत. पण म्हणताना त्यांचा चेहरा पडलेला असे. “किसन, रेघ लय सुरेख आहे तुही. पन तुले रेघच दिसते. भिंत दिसत नाई.” याचं कारण उघड होतं. अंगणात चुन्याची इमारत असली, की मी घाईत हमखास भिंतीतून जायचो. फूटपट्टी आणायला गेलो की भिंतीतून, पाणी प्यायला गेलो की भिंतीतून. ओसरीवरून हाक यायची, “पाडली न भिंत!” मी जीभ चावायचो आणि तासाभरानं पुन्हा तेच.

आणि नेमकं याच्यावरच माझं सगळं अडलं होतं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, मास्तरांच्या सहीशेजारी, नकाशा काढणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. ती जागा मास्तरांनी माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. पण नाव लिहू देत नव्हते. “भिंत दिसली का लिवजो,” एवढंच. तिकडे माझ्या बापाची भाजीपाल्याची वाडी होती. आमच्या घरात वांगी, कोबी आणि मेथी यांखेरीज कोणी काही काढलेलं नव्हतं. बापानं मास्तरांसमोरच मला बजावलं होतं, “मले वाचता येत नाई. पन त्या कागदावर तुहं नाव आलं म्हंजे मी समजीन, पोट्टा धंद्याले लागला. दिवाईपर्यंत वाट पाह्यतो. नाई त वाडीत हातभार लाव.” वाडी मला नकोशी नव्हती. पण निळ्या कागदावर उमलणाऱ्या पांढऱ्या रेघा सोडून जायला मन घेत नव्हतं.

आश्विन लागला आणि अकोल्याहून एका शेठजींचं बोलावणं आलं. बाजाराजवळ त्यांचं एक मोकळं मैदान होतं. तिथे भाजीची मंडई बांधावी की सरकीचा कोठा, हे त्यांचं काही केल्या ठरत नव्हतं. भाजीवाल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला धुळीतच बसत. मास्तरांनी मंडईचा नकाशा मला एकट्याला काढायला दिला. मी जीव ओतला. ओट्यांच्या रांगा, मधून गिऱ्हाइकांची वाट, माल आणणाऱ्या बैलबंड्यांसाठी मागचं रुंद दार, पाणी वाहून जायला उतार. तो निळा कागद घेऊन आम्ही दोघं बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो.

शेठजींनी कागद आडवा धरला, उभा धरला, चष्मा पुसला. “मास्तरजी, कागज तो बहुत बढिया है. पण मले ह्याच्यात मंडई दिसतच नाई. कोठाच बांधून टाकतो.”

माझा चेहरा उतरला. मास्तर मात्र खुशीत आले. “कागदावर नाई दिसत न? उद्या सकाळी मैदानात या. चालत्या पायानं दाखवतो.”

त्या दुपारी आम्ही सबंध मैदान आखलं. पाऊस संपून माती सुकली होती, काळ्या जमिनीवर चुना नुसता झळकत होता. मावळतीला काम पुरं झालं, तेव्हा मास्तर दारातून आत गेले, सगळ्या मंडईत हिंडले आणि दारातून बाहेर आले. आम्ही धर्मशाळेत जाऊन झोपलो.

सकाळी येऊन बघतो तो मंडई सुरू झालेली!

दिवस बाजाराचा होता. पहाटे माल घेऊन आलेल्या भाजीवाल्यांनी पांढऱ्या चौकटी बघितल्या आणि त्यांना वाटलं, शेठजींनी जागा वाटून दिल्या. झालं. प्रत्येक चौकटीत एक टोपली आणि टोपलीमागे एक बाई. कोपऱ्यावरच्या ओट्यासाठी दोघींची जुंपलेली. “मी पयले बसली व!” “अवं, माही टोपली पाह्य आंधी!” मागच्या दारातून कोबीच्या बंड्या आत येत होत्या, मधल्या वाटेनं गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन फिरत होती. भिंती नाहीत, छप्पर नाही, आणि भाव मात्र जोरात चाललेले.

मला घाम फुटला. इतक्या पायांखाली चुना पुसला जाणार, शेठजी येऊन भडकणार, कोठा बांधणार, आणि माझं नाव कोपऱ्यात यायच्या आधीच पुसलं जाणार. आम्ही मैदानाच्या मागच्या अंगाला, कडुलिंबाखाली उभे होतो. मास्तर शांतपणे पेरू खात होते. “मास्तर, ह्यांना उठवा ना!” मी म्हटलं. त्यांनी नुसता पेरू पुढे केला. शेवटी मी स्वतःच धावलो. चौकटीचौकटींशी जाऊन हातापाया पडलो, उठा म्हणालो. मेथीवाली एक म्हातारी म्हणाली, “काहून वरडून राह्यला बाप्पा? बोवनी होऊ दे.” उठलं कोणीच नाही. तोंड पाडून मी परत कडुलिंबाखाली आलो.

मास्तरांनी पेरू बाजूला ठेवला होता. माझ्याकडे ते असे बघत होते, की मला वाटलं, माझं काही तरी चुकलं.

“अथून थेट त्या म्हातारीपाशी जाता आलं असतं,” ते म्हणाले. “तू पार तिकडून वळसा घालून काहून गेला?”

“मग कुठून जाणार? मधात भिंत आहे न!”

बोललो आणि मीच थांबलो. मास्तर हसायला लागले. हसता हसता त्यांची टोपी पडली, डोळ्यांत पाणी आलं. “आहे न? आहे न भिंत?” ते पुनःपुन्हा म्हणत होते. मलाही हसू आवरेना.

तेवढ्यात शेठजी छत्री घेऊन आले. गर्दी बघून ते तरातरा मधेच शिरले, आणि टमाटेवालीनं त्यांना हटकलं, “शेठजी! माह्या ओट्यावर पाय देऊन राह्यले तुमी!” शेठजी गडबडले. स्वतःच्याच मैदानात त्यांनी तिची माफी मागितली, मागे फिरले, आणि दार शोधत शोधत, दारातून आत आले. सगळी मंडई हिंडून ते कडुलिंबाखाली पोचले, तोवर त्यांच्या छत्रीत कोणीतरी कोथिंबिरीची जुडी टाकली होती.

“मास्तरजी,” ते हताशपणे म्हणाले, “हे आता बंद कसं करावं?”

“बंद काहून करता?” मास्तर म्हणाले. “वरतं छप्पर टाका.”

अमरावतीला परतल्यावर मास्तरांनी शाई स्वतः उगाळली आणि लेखणी माझ्या हातात दिली. एवढी सुरेख रेघ ओढणारा मी, पण स्वतःचं नाव मात्र मी आधी रद्दी कागदावर गिरवून पाहिलं, मग नकाशावर लिहिलं. दिवाळीत बाप मेथी-वांग्यांचं ओझं घेऊन मास्तरांकडे आला. मी नकाशा पसरला. नावावरून बोट फिरवून त्यानं विचारलं, “हे तू?” मी मान हलवली. मग ते बोट कागदावर जरा घुटमळलं, बंडीच्या दाराशी गेलं आणि तिथून आत शिरलं. “बैल वळतीन अथी,” तो म्हणाला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला.

पुढे मी अकोल्यातच कामाला लागलो. मंडईत जायचो, तेव्हा भाजीवाल्या मला ओळखायच्या आणि भावात मात्र काही सोडायच्या नाहीत. मास्तरांचा चुन्याचा डबा शेवटपर्यंत सुटला नाही. हात कापायला लागल्यावर भिंती थोड्या वाकड्या होत, पण दार जिथल्या तिथे असे. ते गेल्याची खबर आली, तेव्हा मी मिळेल त्या गाडीनं अमरावती गाठली. अंगणात बडनेऱ्याच्या एका हॉटेलवाल्याचं चहाचं दुकान आखलेलं होतं. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी त्यात बसून, न दिसणाऱ्या बशीतून चहा पिऊन पाहिला होता, असं काकूंनी सांगितलं.

तिरडी उचलली. पुढच्या अंगाला मी होतो. फाटक अगदी समोर होतं, आणि मधे चहाच्या दुकानाची भिंत. मी डावीकडे, चुन्यात सोडलेल्या दाराकडे वळलो. बाकीचे तिघंही वळले. सगळे मास्तरांकडेच शिकलेले. मागून येणारी मंडळी, दलाल, शेठ, गवंडी, सगळी रांगेनं वळसा घालत होती.

काकू ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. रडता रडता त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावरून काढून त्या म्हणाल्या, “हो, दारातूनच न्या बाप्पा. नाई त उठून बसतीन.”