वहिनीच्या बागेतून गेलेला रस्ता

आमच्या कॉलनीवरून जाणारा हायवे वळवून वहिनीच्या केळीच्या बागेतून न्यायची जागा सर्व्हेवाल्यांना मी दाखवली. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. कॉलनीतले लोक समजतात की धरण्यामुळे रस्ता वळला. गणपतीत कुणी ना कुणी भाषणात ते सांगतंच, आणि मी मान खाली घालून प्रसाद वाटत राहतो.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो की मला तिचा चेहराही आठवत नाही. दादाचं लग्न लागून वऱ्हाड परत निघालं, तेव्हा कुणा म्हातारीनं मला उचलून नव्या नवरीच्या मांडीवर टाकलं आणि म्हटलं, "घे बाई, हे बी तुह्यंच." ती स्वतः तेव्हा पोरच होती. तरी तिनं मला घेतलं ते घेतलंच. पुढे मी बुऱ्हाणपुरात खोली करून शिकायला राहिलो, तेव्हा खकनारकडून आमच्या गावच्या फाट्यावरून येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती तिचा डबा यायचा. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी कच्च्या केळीची भाजी. डब्याला फडकं इतकं घट्ट बांधलेलं असायचं की गाठ दातांनी सोडावी लागे.

मी मास्तर झालो. बरीच वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली आणि शेवटी शहराच्या कडेला नव्या कॉलनीत घर बांधलं. घर म्हणजे काय, दोन खोल्या आणि पुढे ओटा. एके दिवशी शाळेतून आलो तर कंपाउंडच्या भिंतीवर लाल रंगाची खूण. हायवे आमच्या गल्लीतून जाणार होता.  त्या रात्री बायको नुसती भिंतीवरून हात फिरवत राहिली.

मग धरणं सुरू झालं. चौकात मंडप टाकला, सतरंज्या आल्या, माइक आला. वहिनीला हे कुणाकडून तरी कळलं आणि दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसनं हजर. डोक्यावर टोपली, टोपलीत सगळ्या मंडपाला पुरतील एवढ्या भाकरी. दादा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बागेचं सगळं तिच्या एकटीवर होतं. तरी ती रोज यायची. शेजारच्या दुकानदारानं एकदा तिची थट्टा केली, "अम्मा, आपका तो घर भी नहीं जा रहा, आप काहे को धूप में बैठी हो?"

वहिनी म्हणाली, "मह्यं नाही जात, पण मह्या लेकराचं जाते ना. तू भाकर खाय गुमान."

सगळे हसले. मीही हसलो. आमची घोषणा होती, 'हायवे बाहर से निकालो.' वहिनीचा आवाज घोषणा देता देता चिरकायचा. बाहेरून म्हणजे नेमका कुठून, हे मंडपात कुणी विचारत नव्हतं. बाहेर तर तीच राहत होती.

आमचा जोर वाढला तसं हायवेच्या ऑफिसातून विचारणा आली, बाहेरची जागा दाखवायला कुणी माहीतगार माणूस द्या. मी त्या बाजूचा, म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. जीपमध्ये एक तरुण इंजिनियर होता आणि ड्रायव्हर. एका बाजूला जुन्या कुंड्या, म्हणजे मोगलांच्या काळातल्या जमिनीखालच्या पाणीयोजनेच्या विहिरी, त्यांना हात लावता येणार नव्हता. नाल्यापलीकडे मुरमाड पडीक जमीन होती, तिथून रस्ता जाऊ शकला असता. पण नाल्यात जीप उतरेना. चालत जाऊन दाखवावं लागलं असतं. ऊन चढलं होतं, इंजिनियर घड्याळाकडे बघत होता, आणि मला भीती वाटली की हा कंटाळून परत गेला तर आमच्या भिंतीवरची खूण तशीच राहील.

मी रस्त्यावरच्या छोट्या पुलावर, पुलियावर, उभा राहिलो आणि समोर हात केला. म्हटलं, "इधर से ले लीजिए साहब, इधर तो सब खुला है."

समोर नुकती निसवलेली केळी उभी होती. बांधावरचं आंब्याचं झाड मी ओळखत होतो, त्यावरून लहानपणी पडलो होतो. ती बाग वहिनीची आहे हे मला माहीत होतं. नव्हतं माहीत, असं म्हणायची सोय मला नाही.

परत मंडपात आलो. वहिनीनं माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. "उन्हात गेलता, आधी पानी पी," म्हणाली. मी जेवलो. चवही लागली, हेच आता सलतं.

रस्ता वळला तेव्हा कॉलनीत गुलाल उडाला. वहिनीनं माझ्या कपाळाला बोट लावलं आणि माझ्या दारात साखर वाटली. मग पाऊसकाळ सरता सरता तिचा फोन आला. "भाऊ, आपल्या वावरात खांब गाडले रे. गावातले लोक फाट्यावर बसून राहिले. तू ये ना, तुले साहेबांशी बोलता येते." मी म्हणालो, परीक्षा चालू आहेत. परीक्षा नव्हत्या.

तरी एका रविवारी निघालो. फाट्यावर बस थांबली. समोर ताडपत्रीखाली सात-आठ माणसं बसलेली आणि कडेला वहिनी, डोळ्यांवर हात धरून बसकडे बघणारी. उतरणाऱ्यांत ती मला शोधत होती. मी सीटवरून उठलो नाही, दुसऱ्या खिडकीकडे तोंड केलं. खकनारपर्यंत गेलो, स्टँडवर चहा प्यायलो आणि अंधार पडल्यावर परत फिरलो. पुढे गावातल्यांचं बसणं हळूहळू मोडलं. कॉलनीतून तिथं कुणी गेलं नाही. मीच गेलो नाही, तर बाकीच्यांना काय बोलू?

आता रस्ता झालाय. मोबदला मिळाला, नाही असं नाही. पण बागेचे दोन तुकडे झाले. पलीकडच्या तुकड्यात जायला वहिनीला रस्त्याखालच्या बोगद्यापर्यंत वळसा घालावा लागतो, आणि तिचे गुडघे दुखतात. बुऱ्हाणपुरातून तिच्याकडे जायला मात्र मला पूर्वीच्या निम्मा वेळ लागतो. मागच्या महिन्यात गेलो तर तिनं घडातल्या चांगल्या फण्या निवडून पिशवीत भरल्या. वरून ट्रक जात होते, बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, वहिनी, तुला फार त्रास झाला. ती पिशवीला गाठ मारत म्हणाली, "होते रे. कोनाच्या तरी वावरातून जायाचाच होता. तुह्यं घर राहिलं ना, मंग झालं."

तेव्हा सांगता आलं असतं. मी पिशवी घेतली आणि गाडी सुरू केली.

सांगून बाग जुळणार नाही, मला ठाऊक आहे. कदाचित मी हात केला नसता तरी रस्ता तिथूनच गेला असता. हा 'कदाचित' मी पुष्कळ वापरून पाहिला, पण त्यानं काही हलकं होत नाही. तिनं माझ्यासाठी उन्हात दिवसच्या दिवस काढले, आणि मी तिच्यासाठी एक दिवससुद्धा बसलो नाही. ते बसणं आता कधी फिटायचं नाही. पण त्या दिवशी पुलियावरून हात करणारा मी होतो, हे तिच्या समोर बसून, तिच्याकडे बघत, मला तिला सांगायचं आहे. तेवढं तिचं माझ्याकडे बाकी आहे.